उनाइसीच्या टाचण्या

बेटावरच्या नासावुकुरा गावात कोणी काही लपवायचं ठरवलं, की पहिला प्रश्न एकच असायचा: उनाइसीचं काय करायचं?

बाई पक्की संशयखोर. लबासा शहरात बाजाराला गेली की तराजूच्या दोन्ही पारड्यांखालून हात फिरवून बघायची. चर्चची घंटा वाजली की आधी सूर्य कुठवर आलाय ते बघायची आणि मगच उठायची. शेजारच्या तोरिकाने नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं पाठवली, तर म्हणायची, "आज काय हवंय हिला?" आणि भांडं चाटूनपुसून परत करायची. गावातले थट्टेने म्हणत, उनाइसी ताकही फुंकून पिते, आणि प्यायल्यावर वाटीच्या बुडाशी काय राहिलं तेही बघते.

याला कारण होतं. ती आठ वर्षांची असताना बाप "रविवारी येतो" असं सांगून होडीत बसला. तो रविवार अजून यायचाय. तेव्हापासून माणसाच्या तोंडाकडे न बघता हातापायांकडे बघायची तिला सवय लागली. तोंड काय, पाहिजे ते बोलतं.

एका माणसावर मात्र तिने कधी संशय घेतला नाही. तो म्हणजे तिचा नवरा इसिकेली. तो सुतार होता, आणि बोलायला इतका संथ की त्याचं एक वाक्य संपेपर्यंत यांगोनाच्या, म्हणजे मुळं कालवून केलेल्या पेयाच्या वाटीची बैठकीत दोघांपुढे फेरी व्हायची. "खोटं बोलायला स्मरणशक्ती लागते," तो म्हणायचा, "ती माझ्याकडे नाही." छत्तीस वर्षांत त्याने कुठे चाललोय हे सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. शेजाऱ्याच्या कोंबड्यांची रात्रीची हजेरी घेणारी बाई नवऱ्याला एवढं मोकळं कसं सोडते, याचं गावाला नवल वाटायचं. उनाइसीला वाटायचं नाही. माणसाला पाठ टेकायला एक भिंत लागते, ती तिला मिळाली होती.

दुसरी भिंत म्हणजे ओढा. गावाच्या वरच्या अंगाला डोंगरातून येणारा, इसिकेलीच्या कुळाचा. त्यात बायका हातजाळ्या घेऊन झिंगे धरायच्या, आणि त्यात उनाइसीचा हात धरणारी कोणी नव्हती. कुठल्या दगडाखाली अंडी धरलेली मादी बसलीय हे तिला पायाच्या अंगठ्याने कळायचं. जाळीत झिंग्यांबरोबर इतर बारीकसारीक जीव यायचे, ते ती निवडून परत पाण्यात सोडायची. तोरिका वैतागायची.

"अगं, त्या किड्यांना काय बारशाला बोलावलंयस? फेक नि चल."

"त्यांचं घर आहे ते. आपण पाहुणे आहोत," उनाइसी म्हणायची. पाहुण्यांबद्दल तिचं मत काही बरं नव्हतं, पण हे ती मनापासून म्हणायची.

त्या किड्यांची नीट ओळख तिला पाच वर्षांपूर्वी झाली. ऑकलंडहून एक बाई आली होती. रीतीप्रमाणे यांगोनाच्या मुळांची जुडी घेऊन आली, गावप्रमुख वेरेनिकीपुढे ठेवली, टाळ्या वाजवून ती स्वीकारली गेली, आणि बाईला उनाइसीच्या घरी उतरवलं. बाईच्या हातात पांढरी जाळी. म्हणे, ओढ्याकाठचे उडते किडे मोजायचेत. उनाइसीने मनात म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. एवढा समुद्र ओलांडून किडे मोजायला कोण येतं? सोनं शोधत असणार. बाई आंघोळीला गेल्यावर तिने पिशवी उघडून पाहिली. आत काचेच्या बारक्या नळ्या, आणि प्रत्येकीत एकेक वाळका किडा. सोन्याचा कण नाही. उनाइसीला जरा वाईटच वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती बाईबरोबर जायला लागली. लक्ष ठेवायला म्हणून गेली आणि शिकून आली.

"हा बसलाय बघा," बाईने उन्हातल्या काटकीकडे बोट केलं. "पंख दोन्ही बाजूंना आडवे पसरलेत. हा चतुर. आणि ही सावलीत बसलीय ती, पंख मिटून पाठीवर ठेवलेत. ही टाचणी. चतुर जाडजूड, उडायला दांडगा. टाचणीचं अंग दाभणाएवढं, उडते तीही बेताबेताने. चतुराचे डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले. टाचणीचे दोन टोकांना, लांब लांब."

"म्हणजे दोन्हीकडे लक्ष," उनाइसी म्हणाली.

"तुझ्यासारखं," मागून तोरिका म्हणाली.

पिल्लांचंही कळलं. जाळीत येणाऱ्या ज्या बारीक जीवाला शेपटाला तीन पानं असतात, ती टाचणीची. जो बुटका, ढेरपोट्या आणि बिनशेपटीचा, तो चतुराचा. आणखी एक गोष्ट बाईने सांगितली, ती गावभर झाली. या बेटांवरच्या ओढ्यांवर ज्या टाचण्या दिसतात, त्यांतल्या कितीतरी जातींत जागा धरून बसणाऱ्या, जागेसाठी भांडणाऱ्या बहुतेक माद्याच. नर शोधून सापडत नाहीत.

"मग नवरे जातात कुठं?" उनाइसीने विचारलं.

"तेच शोधायला आलेय," बाई म्हणाली.

"त्यात काय शोधायचंय! बैठकीत असतील, यांगोना पीत," तोरिका म्हणाली, आणि तिघी पाण्यात उभ्या राहून हसल्या. जाताना बाईने एवढंच सांगितलं की टाचणीला दाट सावली लागते. झाड गेलं की टाचणी जाते, आणि तिच्या जागी ऊन आवडणारा चतुर येतो. उनाइसीने ते लक्षात ठेवलं. उपयोगाचं वाटलं म्हणून नव्हे. तिला काहीही विसरायची सवयच नव्हती.

यंदा थंडीच्या सुरुवातीला इसिकेली गेला. पोटाचं दुखणं, तीन महिन्यांत आटोपलं. तो कुळाचा वडीलधारा, म्हणून रीतीप्रमाणे त्याच्या नावाने पाणी बंद झालं: शंभर रात्री. ओढ्याचा कुठला भाग बंद करायचा हे त्याने स्वतःच जाण्याआधी सांगून ठेवलं होतं. "मोठ्या दगडापासून वर." वेरेनिकीने मोठ्या दगडाजवळ काठी रोवली आणि तिला इसिकेलीचा निळा सदरा बांधला. आता शंभर रात्री त्या काठीच्या वर कोणी पाण्यात पाय घालायचा नाही, झिंगा धरायचा नाही. बंदी नीट पाळली, तर शंभराव्या दिवशी जाळ्या उचलवत नाहीत इतक्या भरतात आणि मेलेल्याचं नाव उजळतं. मोडली, तर जाळ्या रिकाम्या येतात. मग सारा गाव बघतो, आणि लाज जाते ती मोडणाऱ्याची नव्हे, मेलेल्याची.

म्हणून उनाइसीने ती काठी जिवापाड सांभाळायचं ठरवलं. नवऱ्यासाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

पन्नासाव्या दिवसाच्या सुमाराला तोरिकाने तिच्या डोळ्याचा विषय काढला. उजव्या डोळ्यात पडदा आला होता, दोन वर्षं झाली होती.

"लबासाला जाऊन काढून ये तो एकदाचा. शंभराव्या दिवशी पाहुण्यांची तोंडं तरी दिसतील."

"आत्ता? पाण्यावर बंदी असताना?"

"बंदी पाण्यावर आहे, तुझ्या डोळ्यावर नाही. काठी मी बघते."

वेरेनिकीही म्हणाला, जाऊन ये. धाकटा दीर अपिसाई तर तिचं बोचकं स्वतः ट्रकपर्यंत घेऊन आला. एरवी हा माणूस स्वतःची टोपी उचलायला बायकोला हाक मारतो. ट्रक सुटल्यावर उनाइसीच्या मनात पहिल्यांदा आलं: या सगळ्यांना माझ्या डोळ्याची एकदम एवढी कळकळ कशी?

बारा दिवसांनी ती परत आली, नवा डोळा घेऊन. सगळं लख्ख दिसत होतं. तोरिकाच्या कपाळावरच्या आठ्या, स्वतःच्या छपराच्या पत्र्यातली भोकं, अपिसाईच्या तळहातावरचे फोड. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठ्या दगडापर्यंत गेली. काठी जागच्या जागी, सदरा जागच्या जागी. तिला हायसं वाटलं, ते क्षणभरच. काठीच्या टोकावर एक लालभडक चतुर बसला होता. पंख दोन्हीकडे ऐसपैस पसरून, बापाची जहागीर असल्यासारखा.

या दगडाशी छत्तीस वर्षांत तिने चतुर पाहिला नव्हता. चतुर खाली, अळूच्या शेताच्या उघड्या पाण्यावर. इथे पोपटी अंगाच्या टाचण्या, पंख मिटून, पानापानावर एक. तिने पानं पाहिली. एकही नाही. दोन्ही डोळे चोळून पुन्हा पाहिली. दगडापलीकडे एक सापडली, ती बघता बघता उठून गेली. पाण्यात बोटं घातली. बोटांना बारीक, मऊ गाळ लागला. वरून येणारं पाणी आजवर कधी गढूळ नव्हतं, आणि पाऊस तर झाला नव्हता.

वर काय चाललंय हे बघायला वळणापर्यंत दोनशे पावलं चालावं लागलं असतं. वळणापलीकडे काठावर पाय ठेवायला जागा नाही, पाण्यातूनच जायचं; धारेवरून उतरायचं तर उभा कडा, तो तिच्या वयाला झेपणारा नव्हता. आणि पाण्यात पाय घालायचा नाही. तिच्याच नवऱ्याचा सदरा तिच्यापुढे काठीवर फडफडत होता. उनाइसीला जन्मात कोणी इतकं पक्कं अडवलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिचा डोळा लागेना. कोणीतरी बंदी मोडतंय. कोण? तिने एकेकाला धरून पाहिलं. तोरिका? ती झिंगे बाजारात विकते, पण वर जायचं तर गुडघे हवेत, ते तिचे नाहीत. वेरेनिकी? तो रीत सोडून स्वतःच्या अंगणातही पाऊल टाकत नाही. मग उरला अपिसाई. फोड हाताला. अंगाला झाडाच्या चिकाचा वास. सदऱ्याच्या शिवणीत लाकडाचा भुसा. रोज पहाटे डोंगराच्या धारेवरून कुठेतरी जायचा आणि दुपारी यायचा.

"भावजी, एवढ्या सकाळी कुठं?"

"अळू बघायला, वहिनी."

"अळू खाली आहे. तुम्ही वर गेलात."

"वरून खाली बघतो. सगळं एकदम दिसतं." आणि हसून गेला. दीर-भावजयीत थट्टा चालतेच, पण त्याच्या हसण्याला दात होते, डोळे नव्हते.

आणखी एक. ती कुठेही गेली की बोलणं थांबायचं. चटया विणणाऱ्या बायका एकदम पावसाबद्दल बोलायला लागायच्या. बैठकीतल्या पुरुषांना एकाच वेळी खोकला यायचा. तोरिकाचंही तेच. "तोरिका, वर काय चाललंय?" असं सरळ विचारलं, तर ती म्हणाली, "वर स्वर्ग आहे, उनाइसी. शंभर रात्री होऊ देत, मग विचार." म्हणजे हिलाही माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं, आणि ज्याच्या नावाची बंदी, त्याच्या बायकोला नाही. उभ्या जन्मात इतका संशय घेतला, पण तो खरा निघावा असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तिने मग तिला येत होतं ते केलं. रोज काठीच्या खालच्या अंगाला बसायची, जिथे बंदी नव्हती, आणि जाळी घालायची. झिंग्यांसाठी नव्हे, पिल्लांसाठी. पूर्वी एका खेपेला तीन पानांच्या शेपटीची पंधरा-वीस यायची. आता दोन, कधी एकही नाही. मरतुकडी, गाळाने माखलेली. आणि त्यांच्यात ते बुटके ढेरपोटे दिसायला लागले. तिने मुरंब्याची रिकामी बरणी घेतली, त्यात पाणी भरलं आणि एक एक जमा केलं. दिवस मोजत राहिली. ऐंशी. नव्वद. शंभराव्या दिवशी सगळ्या कुळांसमोर जाळ्या रिकाम्या आल्या, की लोक म्हणणार, इसिकेलीची बंदी कोणी पाळली नाही. सुताराच्या नावाला एवढीशी किंमत.

नव्याण्णवाव्या दिवशी दुपारी समाजघरात सगळे जमले होते. यांगोना कालवणं चाललं होतं, बायका कडेला नव्या चटया रचत होत्या. उनाइसी आत आली आणि वेरेनिकीपुढे बरणी ठेवली.

"पाण्यावरची बंदी मोडलीय."

वेरेनिकीने बरणी उचलून उजेडात धरली.

"हे काय आहे?"

"साक्षीदार."

"अरे देवा," मागून कोणीतरी म्हणालं, "वहिनींनी किडे साक्षीला आणलेत. शपथ कशावर घालायची यांना?" हशा झाला. उनाइसी हसली नाही.

"या पाण्यात टाचणी असायची. आता चतुर आहे. चतुर उन्हाशिवाय राहत नाही. वळणापलीकडे ऊन कुठून आलं, हे अपिसाईभावजींना विचारा. त्यांचे हात बघा."

अपिसाईने हात मागे घेतले. चोराच्या मनात चांदणं, तिला वाटलं.

"वहिनी," तो म्हणाला, "मी त्या पाण्यात पाय बुडवला असेल, तर हा पाय झडून पडो."

"मग फोड कशाचे? भुसा कशाचा?"

अपिसाईने वेरेनिकीकडे पाहिलं. वेरेनिकी म्हणाला, "पाण्याला कोणी हात लावलेला नाही, उनाइसी. एवढं माझ्या शब्दावर ठेव. उद्या सकाळपर्यंत थांब."

"शब्द!" उनाइसी म्हणाली. महिनाभर दाबून ठेवलेलं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "भावाच्या कबरीवरची माती अजून बसली नाही, आणि यांनी त्याचं रान विकायला काढलं. तुम्ही सगळे मिळालेले आहात. तो असता, तर कोणाची छाती झाली नसती. या गावात एकच सरळ माणूस होता, तो मी पुरला."

अपिसाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठला आणि बाहेर गेला. उनाइसीला वाटलं, पकडला. तिला बरं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या पाहुण्यांसकट सगळं गाव मोठ्या दगडापाशी आलं. वेरेनिकीने प्रार्थना म्हटली, काठी उपटली, आणि निळा सदरा सोडून उनाइसीच्या हातात दिला. जाळ्या घेऊन बायका पाण्यात उतरल्या. उनाइसी सगळ्यांच्या पुढे.

वळणावर एरवी तिला थांबावं लागायचं. पलीकडे इतका अंधार असायचा की डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागायचा. आजही तिला थांबावं लागलं. अंधारासाठी नव्हे. ऊन डोळ्यांत घुसलं होतं.

दोन्ही काठांवर बुंधे होते. तिने मोजले: अकरा. इसिकेलीच्या आज्याच्या काळातली झाडं. पलीकडे चढावर फळ्यांच्या थप्प्या, वाळक्या पानांनी झाकलेल्या, एकसारख्या चिरलेल्या. प्रत्येक बुंध्यावर एकेक लाल चतुर पंख पसरून बसला होता. उनाइसी पहिल्या बुंध्याकडे गेली. सालीवर मुळाशी तीन खाचा होत्या, दोन आडव्या, एक तिरपी. कडा काळवंडलेल्या, सहा-सात महिने जुन्या. तिच्या घराच्या दाराच्या चौकटीवर तशाच तीन खाचा होत्या. तिच्या पेटीवर होत्या, चूल ठेवायच्या फळीवर होत्या. ती सुताराची खूण होती, आणि ती खूण करणारा सुतार या डोंगरात एकच होता.

तिने त्या खाचांवर हात ठेवला. अजून कोणी एक शब्द बोललं नव्हतं आणि तिला सगळं कळलं होतं.

"दादाने सांगितलं होतं," अपिसाई मागून म्हणाला. "दुखणं कळलं तेव्हाच झाडांवर खुणा करून ठेवल्या. म्हणाला, तिचं छप्पर पुढच्या वादळात राहायचं नाही. घर बांध. पण तिला सांगू नकोस, ती या झाडांना हात लावू देणार नाही. शंभराव्या दिवशी दाखव."

"आणि माझा डोळा?"

तोरिका पाण्यात उभी होती. "तोही त्याचाच बेत. म्हणाला, ती गावात असली तर झाडं पडल्याचा आवाज ऐकेल. तिला लबासाला पाठवा, डोळाही होऊन जाईल."

"आणि मोठ्या दगडापासून वर बंदी?"

उत्तर तिचं तिलाच कळलं. ती वर जाऊ नये म्हणून. छत्तीस वर्षांत इसिकेली एकदाच खोटं वागला होता, आणि सुतारकामासारखंच अगदी सांध्याला सांधा बसवून.

"पण आम्ही पाण्याला शिवलो नाही, वहिनी," अपिसाई कळवळून म्हणाला. "एकेक झाड दोर लावून काठाकडे पाडलं. फांदी पाण्यात पडू दिली नाही. फळ्या खांद्यावरून चढावर नेऊन रचल्या. बंदी पाण्यावर होती, ती आम्ही पाळली."

"आणि सावली कोणाची होती?" उनाइसीने विचारलं.

इतक्या पिढ्यांच्या बंद्या झाल्या. पाणी बंद, झिंगे बंद, मासे बंद. सावलीही पाण्याचीच असते हे कोणाला सुचलं नव्हतं. इसिकेलीलाही नाही.

जाळ्या घातल्या. तासभर वीस बायका दगड उलथत होत्या. शेवटी सगळ्यांचे मिळून झिंगे एका टोपलीच्या तळालाही पुरले नाहीत. पाणी कोमट होतं आणि दगडांवर गाळ बसला होता. शंभर रात्री गावाने पाणी जपलं होतं, आणि जाळ्या रिकाम्या आल्या होत्या. पाहुणे एकमेकांकडे बघत होते. उनाइसीला सगळ्यात भीती होती तेच झालं होतं, आणि करणारा तोच होता ज्याच्या लाजेसाठी ती भ्यायली होती. तिला त्याचा राग आला. इतका राग, की तो जिवंत असता तर तिने त्याला त्या पाण्यात बसवलं असतं. आणि त्याच रागात तिला तो दिसत होता, पोटावर एक हात धरून, पटाशी घेऊन, झाडामागून झाडाला खुणा करत फिरणारा.

ती एकटीच वर गेली. पन्नास पावलांवर पुन्हा सावली सुरू झाली. नऊ झाडं उभी होती, आणि त्यांच्यावरही तीन तीन खाचा होत्या. बहुतेक ती ओसरीसाठी असावीत. खाली पानांवर टाचण्या बसल्या होत्या, दाटीवाटीने, पंख मिटून, उठवून लावलेल्या बिऱ्हाडांसारख्या. एक तिच्या मनगटावर येऊन टेकली. दोन टोकांना दोन डोळे. नव्या डोळ्याने उनाइसीला ते अगदी स्वच्छ दिसले.

तिने हातातला निळा सदरा फाडला. ते दिसताच खालचे सगळे धावत आले. एकेक पट्टी करून ती झाडांना बांधत होती, खाचांच्या बरोबर वर.

"हे काय करतेस?" वेरेनिकी म्हणाला. "बंदी उठली आज."

"त्याची उठली. ही माझी आहे. पाण्यावर नाही. सावलीवर."

"सावलीवर बंदी? हे कधी कोणी केलं नाही." तो गोंधळला. "किती रात्री?"

"रात्री नको मोजूस. खाली बुंध्यांशेजारी अकरा रोपं लावायची. ती या झाडांएवढी झाली, की सोड."

"तोवर आपण कोणी असणार नाही."

"म्हणूनच तर खूण लागते," उनाइसी म्हणाली.

वेरेनिकीने खाली बसून हातांची ओंजळ करून तीनदा टाळी वाजवली. बाकीच्यांनीही वाजवली. बंदी लागली.

त्याच संध्याकाळी उनाइसी यांगोनाचं एक मोठं मूळ घेऊन अपिसाईच्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेर मान खाली घालून बसली. गावाने तिला सगळ्या अवस्थांत पाहिलं होतं, माफी मागताना कधी नाही. बायका कुंपणाआडून बघत होत्या. ती म्हणाली, "भावजी, जीभ घसरली. तुम्ही दिलेला शब्द पाळत होता, आणि मी तुम्हाला चोर ठरवलं."

अपिसाईने मूळ दोन्ही हातांनी उचललं. "वहिनी, किडे खरं बोलत होते. आम्ही हसलो. हे आमच्याकडूनही समजा."

घर महिनाभरात उभं राहिलं. कुळातल्या प्रत्येकाने एक एक दिवस दिला. चौकट बसवायच्या दिवशी अपिसाईने विचारलं, "खिडकी कुठं ठेवू? दादा म्हणाला होता, समुद्राच्या बाजूला. वारा येतो."

"ओढ्याच्या बाजूला ठेवा."

"तिकडून ऊन येईल, वहिनी."

"येऊ दे. मला लक्ष ठेवायचंय."

"आमच्यावर?" तो हसत म्हणाला.

"तुमच्यावर तर आहेच." तिने ओढ्याच्या वाटेकडे पाहिलं. त्या वाटेवरच, चढाच्या कडेला, इसिकेलीची कबर होती. "त्याच्यावर ठेवायचंय. छत्तीस वर्षं ठेवलं नाही."

मग तिने त्या नव्या, अजून चिकाचा वास येणाऱ्या फळीला पाठ टेकली आणि इसिकेली गेल्यापासून पहिल्यांदा, सगळ्यांदेखत, मोठ्याने रडली.